ई-मेल वाचून मिळेल

शिरोड्याच्या तिठ्यावर, सुक्या बांगड्यांच्या दुकानाला लागून
बस्त्याव आल्मेडा बसायचा.
आधी रेडिओ दुरुस्ती, मग टेपरेकॉर्डर,
मग एका दिवाळीत बेळगावच्या एसटीच्या टपावरून
गोणपाटात बांधलेला कॉम्प्युटर उतरला
आणि पाटीवरचा रेडिओ खोडून त्यानं रंगवलं:
झेरॉक्स. जन्मपत्रिका. ई-मेल पाठवून व वाचून मिळेल.

चपला बाहेर.
‘वेतोबा इलो तरी तेणी भायर काढूक होयी,’ म्हणायचा.
पंखा एकच, तोही मॉनिटरकडे वळवलेला,
गिऱ्हाइकं घामात.

खारं वारं कशालाच सोडत नसे.
मदरबोर्डवर हिरवट बुरा चढे, शिळ्या पावावर चढतो तसा.
जुन्या टूथब्रशला पेट्रोलचे दोन थेंब लावून
तो एकेक फट घासत बसे,
लहान मुलाचे दात घासावेत तसा, तोंडानं ‘आ कर’ म्हणत.
फ्लॉपी उकड्या तांदळाच्या डब्यात.
‘सुरय नको, ओल धरता.’
एकदा सीपीयूत पाल भाजली.
तीन दिवस वास.
शेजारी बांगडे, कुणाला कळणार?

रविवारी मिस्स आटोपून तो फोनची वायर मोडेमला लावी.
दशावतारात संकासुर पडद्याआडून गुरगुरावा
तसा मोडेम गुरगुरे, किंचाळे,
मग एकदम शांत.
‘लागलो,’ बस्त्याव म्हणे,
आणि बाकावरच्या बायका पदर सारखा करून बसत,
जणू मस्कतहून, बहारीनहून, कुठल्याशा बोटीवरून
आता कुणी त्यांच्याकडे बघणार होतं.

दादा दोहाला.
तो मराठीच लिही, पण इंग्रजी अक्षरांत.
‘आई’ म्हणायला त्याला तीन अक्षरं लागत.
आई चौथी पास, तिची अक्षरं वेगळी.
बस्त्याव कपाळावरचा चष्मा खाली ओढी
आणि देवळात वाचतात त्या सुरात वाची:
‘आये, मी बरो आसंय. शेट बरो मानूस.
मासे गावतत, पण हयसर तिखल्यात
तिरफळां घालनत नाय.’
तिरफळांवर आई हसे. दर वेळी.

मग प्रिंटर करवतीसारखा चाले.
पानाचे पाच रुपये, वाचण्याचे काही नाहीत.
कडेच्या भोकांच्या पट्ट्या माझ्या,
मी त्यांच्या बांगड्या करी.
पान आईचं. घडी, आणि ब्लाउजमध्ये.

परवा घर रंगवायला काढलं.
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तेवीस घड्या निघाल्या.
रिबन संपत आलेली असणार, अक्षरं राखेच्या रंगाची.
खिडकीशी नेऊन वाचली.

तिरफळं नाहीत कुठेच.
चार महिने पगार नाही. पासपोर्ट शेटकडे.
एका खोलीत अकरा जण, पाण्याला पाळी.
जुलैतल्या एका पानावर, मध्येच:
‘बस्त्यावकाका, तुम्ही आईला काय वाचून दाखवता?
ती मला पाव किलो तिरफळं पाठवते म्हणते.’

बस्त्यावला जाऊन नऊ वर्षं झाली.
तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात,
बांगडेवाली मात्र तीच.
दादा परतला, सावंतवाडीत रिक्षा चालवतो,
दोहाचं विचारलं की मीटर टाकतो.
पत्रांचं मी त्याला सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र राहते.
त्या वर्षी मी आठवीत होते.
ती अक्षरं मला येत होती, अडखळत, पण येत होती,
आणि आईला ते ठाऊक होतं;
गॅसच्या पुस्तकावरचं, औषधाच्या बाटलीवरचं
ती माझ्याकडूनच वाचून घेई.
ही पानं तिनं कधी माझ्यापुढे धरली नाहीत.
वाच गो, म्हणाली नाही.

घड्या मी पुन्हा घातल्या, तिच्याच मोडींवर.
तेवीसही पानं
अक्षरं आत जातील अशीच दुमडलेली.